एका टाक्याला किती मेंदू लागतो?

दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, दोन बोटांत पिळायचं, एक डोळा किलकिला करून नेढ्यासमोर न्यायचं. गेलं आत, असं वाटतं आणि ओढायला जावं तर दोरा सुईच्या शेजारून गेलेला असतो. किंवा दोरा जातो, पण एक चुकार तंतू बाहेर राहून बाकीच्यांना मागे खेचतो. शिवणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलेलं आहे. टोक ओलं करण्याची सवय मात्र खुळी नाही. पाण्याचा पातळ थर पृष्ठताणामुळे सुट्या तंतूंना एकमेकांकडे ओढून घेतो आणि टोक अणकुचीदार होतं. चाळिशीनंतर ओवणं अवघड होतं त्यात हाताचा दोष नसतो. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं पाहायला जेवढं फुगायला हवं तेवढं फुगत नाही.

सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत २०१६ साली हाडाची एक सुई सापडली. पक्ष्याच्या हाडातून घडवलेली, ७.६ सेंटिमीटर लांब, वय सुमारे ५०,००० वर्षं मानलं जातं. तिलाही नेढं आहे. इतक्या काळात हाताने शिवायच्या सुईत आपण फारशी सुधारणा केलेली नाही. (मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं, ती जात वेगळी.) त्या कडाक्याच्या थंडीत सुई ही जगण्यामरणाची गोष्ट असणार. आज कपडे तयार मिळतात, तरीही माणसं हौसेने सुईदोरा, क्रोशाची सुई, लोकर घेऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, मन रमतं. उत्तर खरं आहे, पण मन नेमकं कशात रमतं?

माझ्या मते उत्तर हाताशी आहे, अगदी शब्दशः. १९३७ साली मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी मेंदूचा एक नकाशा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळी जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विजेचा स्पर्श करायचा आणि शरीरात कुठे काय जाणवतं, काय हलतं ते टिपायचं, अशी त्यांची पद्धत. त्या नकाशात अख्खी पाठ थोडक्यात आटोपते, आणि हाताने, विशेषतः बोटांनी आणि अंगठ्याने, ऐसपैस जागा अडवलेली दिसते. तळहाताच्या बाजूच्या त्वचेत, एकेका हातात, स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० चेतातंतू येऊन पोचतात. बोटांच्या टोकांशी त्यांची सर्वांत जास्त दाटी.

ही दाटी काय करू शकते? स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली मुद्दाम सुरकुत्या पाडलेले पृष्ठभाग लोकांना बोटांनी चाचपायला दिले. बोट फिरवताना अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यांचाही फरक कळत होता. कापसाचा एक तंतू याच्या हजारपट जाड असतो. तेव्हा कापडावरून नुसता हात फिरवून ‘याला खळ आहे’ म्हणणारी व्यक्ती शेखी मिरवत नसते. तिच्या बोटांना ते खरंच कळलेलं असतं.

आता तुरपाई घालून पाहू. कड दोनदा दुमडलेली आहे. सुईने दुमडीतून यायचं, आणि खालच्या कापडाचे एक किंवा दोनच धागे उचलून परत दुमडीत शिरायचं. तीन धागे उचलले तर टाका सुलट बाजूला ठिपक्यासारखा दिसतो. एकही नाही उचलला तर कड तिथे लोंबते. दोरा जास्त ओढला तर चुण्या, कमी ओढला तर फास सैल. सुईचं टोक कापडाच्या खाली असल्याने हे सगळं डोळ्यांना दिसतही नाही. ठरवतात ती खालच्या हाताची बोटं. वस्तू निसटायला लागली की बोटांची पकड आपोआप घट्ट होते, आणि तीही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, म्हणजे आपण ‘अरे, निसटतंय’ म्हणायच्या आधी. उलट बोटं बधिर केली तर स्नायू शाबूत असूनही साधी काडीपेटीतली काडी उचलून ओढताना माणसाची त्रेधा उडते. तेव्हा तुरपाईचा प्रत्येक टाका हा एक अंदाज असतो आणि त्याचं उत्तर लगेच बोटांवर येतं: बरोबर, थोडं खोल, थोडं सैल.

कापडही आपल्या बाजूने गप्प बसत नाही, आणि मला या छंदातला सर्वांत गमतीचा भाग हाच वाटतो. विणलेलं सुती कापड उभ्या धाग्यात ओढा, ते जेमतेम हलतं. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, म्हणजे उरेब ओढा, तेच कापड रबरासारखं लांबतं. धागा तोच, ताकद तीच. फरक असा की उरेब ओढताना धागे ताणले जात नाहीत. उभ्या-आडव्या धाग्यांचे चौकोन तिरके होऊन त्यांचे समभुज चौकोन बनतात. म्हणून गळ्याच्या गोलाईला पट्टी लावायची तर ती उरेबच कापावी लागते. सुलट-उलट टाक्यांचा स्वेटर याहून वेगळा. लोकर फारशी न ताणताही तो दुप्पट लांबू शकतो, कारण त्यातला प्रत्येक फास आपला आकार बदलतो.

आणि मुळात धागा तुटत का नाही? कापसाचे तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे, धागा मात्र कितीही लांब. या तुकड्यातुकड्यांच्या दोराला बळ कुठून येतं, हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने त्याचा विचार केला आहे. गोम पिळात आहे. दोर ओढला की पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो आणि घर्षण वाढतं. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. शिलाईच्या शेवटी गाठ न मारता एकाच जागी दोन-तीन उलट्या टिपा घातल्या तरी दोरा सुटत नाही, त्यामागेही घर्षणच. दोरा वळसे घेत जातो तसं घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं.

गणितज्ञांनाही या हातकामाचा उपयोग झाला. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना ताइमिना यांनी १९९७ साली क्रोशाने अतिपरवलयी, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखा वळणारा, पृष्ठभाग विणला. दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेलं की कडेला झालर उसळते आणि कागदावर नीट न मावणारी भूमिती चक्क हातात घेऊन दुमडता येते.

तर, मन रमण्याकडे परत. ‘विणलं की मेंदूत डोपामिन वाढतं’ असं वाक्य हल्ली कुठेही वाचायला मिळतं. (डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन.) मला ते फार सरधोपट वाटतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं ते असं: डोपामिनच्या पेशी बक्षिसापेक्षा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला दाद देतात. अपेक्षेपेक्षा चांगलं घडलं तर उसळी, अपेक्षेप्रमाणे घडलं तर शांत, अपेक्षित बक्षीस हुकलं तर घसरण. शिकण्याची यंत्रणा ती हीच. नवा टाका पहिल्यांदा जमतो तेव्हाचा आनंद आणि तोच टाका हजाराव्यांदा घालतानाची शांतता या दोन वेगळ्या गोष्टी का वाटतात, हे यातून थोडंफार उमगतं. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ज्याला ‘फ्लो’ म्हटलं ती तल्लीनता मधल्या पट्ट्यात येते: काम फार सोपंही नको, फार अवघडही नको, आणि प्रत्येक हालचालीचं उत्तर लगेच मिळायला हवं. शिवणकामात ही अवघडपणाची कळ आपल्याच हातात असते. डोकं थकलं असेल तर सरळ धावदोरा, हुशारी वाटत असेल तर काज.

आरोग्याच्या दाव्यांकडे मात्र जरा चष्मा पुसूनच बघावं. २०१३ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरं दिली. जे जास्त वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटतं असं जास्त प्रमाणात सांगितलं. पण उत्तरं देणारे मुळातच विणण्याचे वेडे होते, हे विसरून चालणार नाही. मला जास्त विश्वासार्ह वाटतो तो टेक्सासमध्ये डेनिस पार्क यांनी केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. साठ ते नव्वद वर्षांच्या मंडळींपैकी काहींना तुकडे जोडून क्विल्ट शिवायला शिकवलं, काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही. आणखी काहीजण नुसते गप्पा-सहलींना जमत, तर काही घरी सोपी, ओळखीची कामं करत. आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने. नवं काही शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा सुधारली. मात्र सर्वांत ठळक फायदा फोटोग्राफीवाल्यांत दिसला, क्विल्टवाल्यांत नव्हे. शिवणाऱ्यांना हे ऐकायला कडू लागेल, पण अर्थ स्पष्ट आहे. सुईत जादू नाही, ती नवं आणि अवघड काहीतरी शिकण्यात आहे. वीस वर्षं त्याच नमुन्याचे रुमाल विणणाऱ्याने स्मरणशक्तीचं श्रेय रुमालांना देऊ नये. शांततेचं खुशाल द्यावं.

मी एकदा उजवी बाही डाव्या खांद्याला जोडली. बाहीची गोलाई पुढून आणि मागून सारखी नसते, पुढची बाजू जास्त खोलगट असते. ती चुकली की कापड काखेत ओढलं जातं. पूर्ण शिवून, इस्त्री करून, अंगात घातल्यावर कळलं. मग टोकदार कात्रीने एकेक टीप उचलत तासभर उसवत बसलो. त्या तासाभरात बाहीची रचना जेवढी डोक्यात शिरली तेवढी आधी शिरली नव्हती. कापडाला भोकं पडली ती वेगळी. पण उसवता येतं, ही सोय आयुष्यातल्या किती कामांत असते?

स्वतः केलेल्या वस्तूची आपल्याला वाटणारी किंमतही मोजून झाली आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ साली ‘इकिया परिणाम’ या नावाने ती मांडली. (इकिया म्हणजे गिऱ्हाइकाने घरी स्वतः जोडायचं फर्निचर विकणारी कंपनी.) कागदाच्या घड्या घालून बनवलेल्या आपल्या ओबडधोबड आकृत्यांना लोक जवळजवळ तेवढीच बोली लावत होते जेवढी त्रयस्थांनी तज्ज्ञांच्या सुबक आकृत्यांना लावली. तेच ओबडधोबड नमुने इतरांना दाखवले तर बोली कवडीमोल. एक अट मात्र आढळली. काम पुरं व्हायला हवं. अर्धवट सोडलेल्या कामावर जीव जडत नाही.

माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात एक राखाडी स्वेटर आहे. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीचे बेचाळीस टाके गेल्या हिवाळ्यापासून सुईवरच आहेत.