सतरा लाख ट्रिबल्सचा हिशोब

'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' या भागात अंतराळयानाचा कॅप्टन कर्क धान्याच्या कोठाराचं झाकण उघडतो आणि वरून ट्रिबल्स नावाच्या केसाळ, गुबगुबीत प्राण्यांचा नुसता लोंढा त्याच्या अंगावर येतो. छातीपर्यंत तो त्यात गाडला जातो. त्याचा सहकारी अधिकारी स्पॉक तिथल्या तिथे त्यांचा आकडा सांगतो: १७,७१,५६१. हा भाग २९ डिसेंबर १९६७ ला अमेरिकेत दाखवला गेला, तेव्हा लेखक डेव्हिड जेरोल्ड अवघे २३ वर्षांचे होते. पुढे १९७३ मध्ये त्यांनी या एकाच भागाच्या जन्मकथेवर अख्खं पुस्तक लिहिलं.

हा प्रसंग इतका हसवतो, कारण त्यामागचं गणित चोख आहे. एका ट्रिबलला दर बारा तासांनी दहा पिल्लं, म्हणजे एकाचे अकरा. तीन दिवसांत अशा सहा पिढ्या. गुणत जा: ११, १२१, १,३३१, १४,६४१, १,६१,०५१ आणि मग एकदम १७,७१,५६१. शेवटची उडी नीट बघा. कर्कनं बारा तास आधी डोकावलं असतं, तर शेवटच्या संख्येचा फक्त अकरावा हिस्सा तिथे असता आणि त्याला वाटलं असतं, अजून भरपूर वेळ आहे. साथीच्या रोगांत माणसं गाफील राहतात ती नेमकी याच टप्प्यावर, म्हणून हा हिशोब शाळेत शिकवायलाच हवा.

पडद्यावरच्या या लाखोंसाठी प्रत्यक्षात कृत्रिम फरचे सुमारे पाचशे गोळे शिवले होते, आणि कर्कवर ते वरून माणसं हातांनी टाकत होती!

यानावरचे डॉक्टर मॅकॉय म्हणतात की ट्रिबल्स जन्मतःच गाभण असावेत. ही निव्वळ कल्पना वाटेल, पण करडईवरची मावा ही कीड आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. दोन पिढ्यांमधलं अंतर त्यामुळे कमी होतं आणि चार दिवसांत झाड माव्यानं भरून जातं.

जेरोल्ड यांच्या डोक्यात मात्र ऑस्ट्रेलियातले ससे होते. १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन या जमीनदारानं शिकारीसाठी व्हिक्टोरियात दोन डझन ससे सोडले. खायला मुबलक आणि मारणारे शत्रू कमी, त्यामुळे काही दशकांत त्यांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. त्यांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियात बांधलेलं लांबलचक कुंपण १९०७ मध्ये पूर्ण झालं, पण ससे आधीच पलीकडे पोचले होते.

ट्रिबल्सचा हिशोब आणखी तीन दिवस चालला असता, तर आकडा तीन लाख कोटींच्या वर गेला असता. पण कोठारातलं धान्य विषारी निघतं आणि ते मरू लागतात. ऑस्ट्रेलियानंही १९५० मध्ये सशांमध्ये मिक्सोमा हा त्यांना मारणारा विषाणू सोडला. सुरुवातीला बहुतेक ससे मेले. जे तगले त्यांच्या पिल्लांत प्रतिकारशक्ती वाढत गेली, विषाणूही सौम्य झाला आणि सशांची संख्या पुन्हा चढू लागली.