बेल हाउसिंग जुळलं म्हणजे इंजिन बसलं?

जुन्या जीपांच्या गॅरेजांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट जुळले, की पेट्रोल जीपमध्ये कुठलंही डिझेल इंजिन चालतं. बोल्ट जुळणं ही फक्त सुरुवात असते. क्लच प्लेटचे स्प्लाइन (आतले दाते) गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला आणि शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगला (इंजिनाच्या बाजूच्या, ते टोक धरणाऱ्या बेअरिंगला) बसायला हवं. इंजिनाचं चेंबर (खालची ऑइलची टाकी) पुढच्या डिफरन्शिअलला (अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याला) घासून चालत नाही. स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना हे तपासायचं, गाडी नुसती उभी असताना नाही.

पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते अ‍ॅक्सल रेशोकडे, म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो त्या आकड्याकडे. पेट्रोल विलिस सीजे-३बी या जुन्या जीपचा मूळ रेशो ५.३८. म्हणजे ६.००-१६ टायरवर, टॉप गिअरमध्ये, ३००० आरपीएमला गाडी ताशी साधारण ७५ किलोमीटरच जाते. जुनं, संथ डिझेल तिथेच दमायला लागतं. मग लोक इंजिनाला नावं ठेवतात! चिखलात आणि चढावर मात्र हाच रेशो कामाला येतो, त्यामुळे गाडी कुठे चालवणार हे आधी ठरवा आणि मगच इंजिन शोधा.

आणि हो, पेट्रोलचं डिझेल करायचं तर आरटीओची मंजुरी आधी घ्यायची. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२.