व्हर्च्युअल मशीनमधील प्रोसेसर-बदल : दोषशोधन

व्हर्च्युअल मशीन : प्रोसेसर-बदलानंतरचे दोषशोधन. आधीच उभ्या केलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) प्रोसेसरांची संख्या, मांडणी किंवा प्रकार बदलल्यावर जे दोष दिसतात त्यांचे मूळ शोधण्याचे काम. व्हीएमचा प्रोसेसर म्हणजे हायपरव्हायझरने (खऱ्या संगणकावर, म्हणजे होस्टवर, व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला, सांगितलेले एक वर्णन असते : सॉकेट (प्रोसेसर-चिप बसवण्याची जागा) किती, प्रत्येकात कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) किती, कोणत्या सूचना चालतात. गेस्ट हे वर्णन मुख्यतः सुरू होताना, सीपीयूआयडी ही प्रोसेसरची ओळख सांगणारी सूचना आणि हार्डवेअरची माहिती देणारे एसीपीआय तक्ते यांतून वाचते. त्यामुळे साठवलेली सेटिंग, प्रत्यक्ष चालू असलेली व्हीएम आणि गेस्टला दिसणारे चित्र या तिन्ही ठिकाणचे आकडे वेगवेगळे असू शकतात. आकडा नेमका कुठे अडला हे आधी पाहावे. ते न पाहता सेटिंग पुन्हापुन्हा बदलत राहिल्याने गुंताच वाढतो.

सर्वांत जास्त वेळा आढळणारी तक्रार म्हणजे ‘आठ दिले, दोनच दिसतात’. विंडोज १० होम एकच सॉकेट वापरते आणि प्रो जास्तीत जास्त दोन. कोअरची मर्यादा मात्र बरीच वरची आहे. आठ प्रोसेसर ‘आठ सॉकेट, प्रत्येकी एक कोअर’ असे दिले, तर प्रो आवृत्ती त्यांतले दोनच कामाला लावते आणि उरलेले सहा पडून राहतात, तेही कुठलाही इशारा न देता. व्हीएम बंद करून मांडणी ‘एक सॉकेट, आठ कोअर’ अशी केली की आठही दिसू लागतात. एसक्यूएल सर्व्हर २०१९ या डेटाबेस-सॉफ्टवेअरची स्टँडर्ड आवृत्ती चार सॉकेट किंवा २४ कोअर, यांपैकी जे कमी असेल तिथे थांबते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमला सगळे प्रोसेसर दिसत असूनही डेटाबेस मात्र निम्म्यांवरच चालतो, असे होऊ शकते. विंडोजच्या बूट-पर्यायांत किंवा लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ‘मॅक्स-सीपीयूज’ या पॅरामीटरमध्ये कोणी पूर्वी मर्यादा घालून ठेवली असेल, तर तीही तपासावी.

गेस्टच्या आतून दिलेला रीबूट हा दुसरा नेहमीचा सापळा. क्यूएमू या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या व्हीएममध्ये अशा रीबूटनंतरही होस्टवरची प्रक्रिया तीच राहते, त्यामुळे साठवलेली नवी व्याख्या वाचलीच जात नाही. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. सस्पेंड केलेली किंवा मेमरीसह साठवलेली अवस्था जुन्याच प्रोसेसरला बांधलेली असते. ती टाकून द्यावी लागते, आणि त्यातला न जतन केलेला मजकूरही तिच्यासोबत जातो.

चालू मशीनमध्ये प्रोसेसर वाढवण्याची सोय, म्हणजे हॉट-अ‍ॅड, असली तरी लिनक्समध्ये नवा प्रोसेसर कधी कधी ‘ऑफलाइन’ पडून राहतो. ‘एलएस-सीपीयू’ ही आज्ञा तो दाखवते. सिस-एफएस या, कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेत त्या प्रोसेसरची निर्देशिका असते; तिच्यातील ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये १ लिहिले की तो कामाला लागतो.

संख्येपेक्षा प्रकारातला बदल अधिक त्रासदायक. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ (२०२२) ला किमान एक्स८६-६४-व्ही२ हा सूचनासंच लागतो. व्हीएमचा प्रकार ‘केव्हीएम६४’ असा जुना, किमान वैशिष्ट्यांचा ठेवला, तर होस्ट कितीही नवा असो, ग्लिबसी ही लिनक्समधल्या बहुतेक प्रोग्रॅमांना लागणारी मूलभूत लायब्ररी ‘हा प्रोसेसर व्ही२ ला पात्र नाही’ असे सांगून थांबते आणि कर्नल पॅनिक येते, म्हणजे कर्नलच पुढे चालायचा थांबतो. मोंगोडीबी ५.० या डेटाबेसला एक्स८६ वर एव्हीएक्स हा जादा सूचनासंच लागतो. तो गेस्टपासून लपवला गेला असेल तर सेवा ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन कोसळते. दोन्हींवर उपाय एकच : योग्य मॉडेल निवडावे, किंवा ‘होस्ट’ प्रकार देऊन खऱ्या प्रोसेसरची वैशिष्ट्ये जशीच्या तशी पोचवावी. ‘होस्ट’ प्रकाराची किंमत लाइव्ह मायग्रेशनला (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवण्याला) मोजावी लागते, कारण ज्या होस्टवर ती वैशिष्ट्ये नाहीत तिथे चालू व्हीएम हलवता येत नाही. दोन होस्टांचे प्रोसेसर एकाच मॉडेलचे असले म्हणून निर्धास्त राहू नये : २०२१ मध्ये इंटेलच्या मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या नियंत्रण-सॉफ्टवेअरच्या) अद्ययावतीकरणाने अनेक प्रोसेसरांतील टीएसएक्स हे वैशिष्ट्य बंद केले, त्यामुळे अद्ययावत आणि जुन्या मायक्रोकोडचे होस्ट एकमेकांशी जुळेनासे होऊ शकतात. व्हीएमवेअरची ईव्हीसी किंवा हायपर-व्हीची प्रोसेसर-सुसंगतता ही सोय सर्व होस्टांना एका समान पातळीवर आणते. इंटेल आणि एएमडी यांच्यात मात्र व्हीएम बंद करूनच हलवावी.

प्रोसेसर वाढवल्यावर व्हीएम मंदावणे हा दोष ओळखायला अवघड असतो, कारण तो अपेक्षेच्या अगदी उलट आहे. होस्टवर खऱ्या कोअरपेक्षा मागणी जास्त असली की व्हर्च्युअल प्रोसेसर आपली पाळी येण्याची वाट पाहत राहतात. लिनक्स गेस्टमध्ये ‘टॉप’च्या ‘एसटी’ रकान्यात, तर व्हीएमवेअरमध्ये ‘सीपीयू रेडी’ या मापात हा खोळंबा दिसतो. व्हीएमचे प्रोसेसर एका न्यूमा नोडच्या (काही कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांच्या गटाच्या) कोअरपेक्षा जास्त झाले, तर दूरच्या मेमरीकडे जाण्याचा वेळही त्यात भर घालतो. अशा वेळी प्रोसेसर कमी करून पुन्हा मोजावे. हे आकडे खाली आले आणि कामाचा वेग वाढला, तर दोष जादा प्रोसेसरांचाच होता.