कोपऱ्यावरच्या दुकानात मेथी टिकेल का?

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका माल देऊन घरी परतताना वाटेतल्या किराणा दुकानात थांबतात. तेल, चहापत्ती, साबण, सगळं त्या दिवसापुरतं. दारात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. मेथी, टोमॅटो, लिंबू बहुधा नसतात.

घरात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी असते, आणि ते उत्तम अन्न आहे. पण ज्वारीतलं लोह फायटेट या धान्यातल्याच एका घटकाने बांधलेलं असतं, शरीराला सहज मिळत नाही. सोबत लिंबू किंवा टोमॅटो असेल तर त्यातलं क जीवनसत्त्व ते लोह शोषायला मदत करतं. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. म्हणून ते एक लिंबू मला फार मोलाचं वाटतं.

दुकानदाराची अडचण खरी आहे. पुडी महिनोन् महिने टिकते. एप्रिलच्या उन्हात मेथीची जुडी दुपारीच मान टाकते. तोडलेली भाजीही श्वास घेत असते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेग दुप्पट-तिप्पट होतो. चार जुड्या फेकल्या की बाकीच्यांवरचा नफा गेला. अमेरिकेत २००९ मध्ये गरीब माता-बालकांच्या सरकारी अन्नयोजनेत फळं-भाज्या आल्या, तेव्हा योजनेतल्या छोट्या दुकानांनाही त्या ठेवणं भाग पडलं. तिथे फ्रिज होते. इथे विजेचं बिल कोण भरणार?

दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने यावर विजेशिवायचा शीतकक्ष बनवला आहे: विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर ओल्या गोणपाटाचं झाकण. माठाचंच तत्त्व. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढली जाते. हवा जितकी कोरडी तितकं बाष्पीभवन जोरात, म्हणून मुंबईच्या दमट हवेपेक्षा सोलापूरच्या उन्हाळ्यात हा कक्ष जास्त गार राहतो. शिवाय आतली हवा ओलसर असल्याने पानं सुकत नाहीत.

रोज नळाला पाणी न येणाऱ्या पेठेत पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण वाळू भिजवायला पिण्याचं पाणी लागत नाही. भाजी धुतलेलं चालतं. मोठा कक्ष नको असेल तर एका मोठ्या कुंडीत छोटं मडकं ठेवून मध्ये ओली वाळू भरावी आणि वर ओलं फडकं टाकावं. मडकं सावलीत, वारा खेळेल अशा जागी हवं. दोन जुड्या आणि थोडे टोमॅटो त्यात मावतात. लिंबांची टोपली मात्र पुड्यांच्या माळेशेजारी, पैसे देताना हात जाईल तिथे ठेवावी.