मेंढपाळ म्हणजे धनगर नव्हे

मेंढ्या राखतो तो मेंढपाळ. ‘गोपाळ’मधला ‘पाळ’ तोच इथला. मूळ संस्कृत ‘पाल’. गुरं राखतो तो गुराखी. इथवर कोणी चुकत नाही.

घोळ होतो ‘धनगर’पाशी. दिवाळीनंतर घाटावरचे कळप मुरबाड-शहापूरच्या रिकाम्या भातखाचरांत उतरले, की ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फोटो येतात आणि खाली ओळ असते: ‘धनगर म्हणजेच मेंढपाळ’. हे साफ चूक आहे. मेंढपाळ हे कामाचं नाव. आज धरलं, उद्या सोडलं. धनगर हे समाजाचं नाव, ते जन्मानं लागतं. ऐरोलीत संगणकावर बसणारा धनगर घरात एकही मेंढी नसली तरी धनगरच. उलट हिमाचलातले गद्दी आणि राजस्थानातले रायका मेंढ्या पाळतात, म्हणून त्यांना धनगर म्हणता येत नाही. ‘स्कॉटलंडचा धनगर’ असलं भाषांतर तर डोळ्यांत खुपतं. मराठी बायबलात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असं आहे, आणि तेच बरोबर आहे.

बरं, सगळे धनगर मेंढ्यांमागेच होते असंही नाही. सह्याद्रीतल्या गवळी धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखल्या, खुटेकर धनगरांनी घोंगड्या विणल्या. ‘धनगर’ शब्द कोणी ‘धन’वरून काढतात, कोणी ‘धेनु’वरून. एकही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही, पण गंमत पाहा, दोन्हींत मेंढी नाहीच. धेनु तर गाय.

कागदावर हा गोंधळ महागात पडतो. जातीच्या दाखल्याच्या अर्जात जातीच्या रकान्यात ‘मेंढपाळ’ लिहू नका. राज्याच्या यादीत भटक्या जमाती (क) मध्ये ‘धनगर’ आहे, ३.५ टक्के आरक्षण त्याच नोंदीवर. पुरावा २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा लागतो. आजोबांच्या जुन्या नोंदीत नुसता ‘मेंढपाळ’ असा धंदा असेल, तर त्यावरून जात सिद्ध होत नाही. शाळेच्या दाखल्यातली जातीची नोंद शोधा. राज्य सरकारच्या मेंढीपालनाच्या महामेष योजनेतही हेच. वीस मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो, तो भटक्या जमाती (क) मधल्यांना. इतर समाजातला माणूस कितीही वर्षं मेंढ्या राखत असला, तरी या योजनेत बसत नाही.