साडेदहाची किंचाळी आणि पहाटे चारचे हुंदके

माझी भाची तेव्हा चार वर्षांची होती. नऊला निजलेली पोर साडेदहाला एकदम किंचाळत उठून बसली. डोळे सताड उघडे, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि "नको, नको" करत ती आपल्या आईलाच ढकलत होती. ताईने घट्ट धरलं तशी ती आणखीच हातपाय झाडायला लागली. आजीने मीठ-मोहऱ्या आणून दृष्ट काढली. दहाएक मिनिटांत पोर आडवी झाली आणि पुन्हा गाढ झोपली. सकाळी विचारलं तर तिला काही ठाऊकच नव्हतं. दूध पिऊन खेळायला पळाली. झोप उडाली होती ती आम्हा मोठ्यांची.

महिन्याभराने ती पहाटे चारला उठली. या खेपेला किंचाळी नव्हती, नुसते हुंदके. ताईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "जिन्यात काळा कुत्रा बसलाय, तो मला खाली जाऊ देत नाही." दिवा लावला, जिना दाखवला, तरी पुढचे तीन दिवस ती एकटी झोपेना.

घरात दोन्ही प्रकारांना एकच उत्तर होतं: वाईट स्वप्न पडलं असेल. चारच्या हुंदक्यांना ते लागू पडतं. साडेदहाची किंचाळी मात्र वेगळी, तिला डॉक्टर 'नाइट टेरर' म्हणतात. हा फरक कळला नाही की आपण नेमकं उलटं करतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

ओळखायची पहिली खूण म्हणजे घड्याळ. माणूस झोपला की आधी गाढ झोपेत उतरतो, आणि ही गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात सर्वात जास्त असते. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. तिला 'रेम' (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणतात. मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात, त्यावरून हे नाव आलं. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनियल क्लाइटमन यांनी १९५३मध्ये ती जगापुढे मांडली. त्याआधी असेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या डोक्याला तारा लावून रात्ररात्र कागदावरच्या रेषा पाहिल्या होत्या. झोपलेल्या लेकराकडे टक लावून बसलेला बाप! या शोधाची मला आवडणारी बाजू हीच.

नाइट टेरर गाढ झोपेतून येतो. मेंदूचा काही भाग जागा होतो, काही भाग झोपेतच राहतो. १९६८मध्ये झोपेचे संशोधक रॉजर ब्रॉटन यांनी हे प्रथम ठामपणे मांडलं की झोपेत चालणं आणि नाइट टेरर हे स्वप्नाचे नव्हे, अर्धवट जागं होण्याचे बिघाड आहेत. म्हणून तर डोळे उघडे असतात पण ओळख पटत नाही, नाडी धडधडते, आणि सकाळी आठवण नसते. घरात कुणी लहानपणी झोपेत चालत असेल तर त्याच घरातल्या मुलात हा प्रकार दिसण्याची शक्यता वाढते.

अशा वेळी हलवून, तोंडावर पाणी मारून, "अगं मी आई आहे" असं ओरडून जागं करायला जाऊ नये. मूल आणखी गोंधळतं, झटापट लांबते. पलंगावरून पडणार नाही, दाराकडे धावणार नाही एवढं पाहायचं, आवाज हळू ठेवायचा आणि थांबायचं. बहुतेक वेळा काही मिनिटांत ते आपोआप ओसरतं. दृष्ट काढल्यावर शांत झाली असं आजीला वाटलं, ते त्यामुळेच. तिच्या मायेत काही खोट नव्हती, वादळाची वेळच भरत आली होती.

खरं काम दिवसा असतं. शाळा सुरू झाली आणि दुपारची झोप बंद झाली, लग्नघरात जागरण झालं, ताप आला, की गाढ झोप आणखी गाढ होते किंवा मोडते आणि असे झटके वाढतात. भाचीची दुपारची झोप त्याच महिन्यात सुटली होती. तिला तासभर लवकर झोपवायला सुरुवात केली, तसे ते कमी झाले. रोज ठरावीक वेळी होत असेल, तर त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मुलाला अलगद चाळवून पुन्हा झोपू द्यायचं, हाही उपाय काही आठवडे करून पाहतात. मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) तपासून घ्यावेत. एकाच रात्री अनेकदा, दर वेळी अगदी तशीच हालचाल होत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. तो फिटचा प्रकार असू शकतो. मोठेपणी पहिल्यांदाच सुरू झालं तरी तपासणी हवीच.

वाईट स्वप्नाचं सगळं याच्या उलट. तिथे मूल पूर्ण जागं होतं, माणसं ओळखतं, गोष्ट सांगतं. रेम झोपेत हातपायांचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे झटापट नसते. भीती असते ती मनात, आणि जाग आल्यावरही ती जात नाही. इथे जवळ घ्यायचं, ऐकायचं, घाई करायची नाही. "काही नाही, झोप" हे सगळ्यात निरुपयोगी वाक्य. मुलासाठी तो कुत्रा खरोखर तिथे होता.

स्वप्न वारंवार पडत असेल तर दिवसाउजेडी त्याचा शेवट बदलायचा आणि नवी गोष्ट मनात घोळवायची. आघातानंतर वाईट स्वप्नं पडणाऱ्या मोठ्या माणसांवरही ही पद्धत वापरतात. आम्ही भाचीला खडू दिले. तिने जिना काढला, कुत्रा काढला, मग बराच विचार करून त्याच्यापुढे एक बिस्किटाचा पुडा काढला आणि स्वतःला त्याच्या बाजूने खाली उतरताना दाखवलं. तो कागद कित्येक महिने तिच्या उशाशी भिंतीला चिकटवलेला होता.