दीक्षावरचे तंत्रज्ञान प्रशिक्षण: खाते उघडण्यापासून सेवापुस्तकातल्या नोंदीपर्यंत

वर्गात प्रोजेक्टर लागला, टॅब आले, भिंतीवर स्मार्ट टीव्हीही बसला; पण त्यावर अपूर्णांकाचा पाठ घ्यायचा कसा, हे शिकायला कुठे जायचे? हा प्रश्न सहकारी मला वारंवार विचारतात. केंद्र सरकारच्या दीक्षा व्यासपीठावर असे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, ते घरी बसून करता येतात आणि पूर्ण केल्यावर क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र मिळते. इथपर्यंत सगळे सोपे आहे. अडचण येते ती मधल्या टप्प्यांत. माझ्या ओळखीतल्या ज्या शिक्षकांची प्रमाणपत्रे अडली, त्यांतले अभ्यासात कमी पडलेले फार थोडे. कुणाचे नाव चुकले होते, कुणाची दोन खाती निघाली, कुणी बॅच, म्हणजे अभ्यासक्रमाची ठरलेली मुदत, संपल्यावर परीक्षा सोडवायला बसले. म्हणून इथे अभ्यासक्रमापेक्षा नोंदणीवरच जास्त लिहिले आहे.

थोडी पार्श्वभूमी. दीक्षा 5 सप्टेंबर 2017 रोजी, शिक्षकदिनी सुरू झाले. निष्ठा हा शिक्षक प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 21 ऑगस्ट 2019 रोजी सुरू झाला, तेव्हा तो समोरासमोरचा होता आणि प्राथमिक स्तरावरचे सुमारे 42 लाख शिक्षक व शाळाप्रमुख हे त्याचे लक्ष्य होते. कोरोनाकाळात शाळा बंद पडल्या आणि ऑक्टोबर 2020 पासून हेच प्रशिक्षण दीक्षावर ऑनलाइन आले. त्यातल्या 18 मॉड्यूलपैकी एक पूर्णपणे अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा मेळ घालण्याबद्दल होते. पुढे 2021 मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आणि त्यानंतर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी निष्ठाचे पुढचे टप्पे आले, त्यांतही हा विषय कायम राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. ते तास भरण्याचा, आणि खरोखर काही शिकण्याचाही, हा हाताशी असलेला मार्ग आहे.

कोण करू शकते

जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका, आश्रमशाळा, अनुदानित, विनाअनुदानित अशा कुठल्याही शाळेतला शिक्षक दीक्षावर खाते उघडू शकतो. मुख्याध्यापकही. डीएलएड किंवा बीएड करणाऱ्या विद्यार्थ्यालाही कुणी अडवत नाही. सर्वांसाठी खुले असलेले अभ्यासक्रम त्याला करता येतात. वयाची किंवा सेवेच्या वर्षांची अट नाही.

फरक पडतो तो बॅचमध्ये. काही अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले असतात, तर काही ठरावीक राज्याच्या, ठरावीक स्तराच्या शिक्षकांसाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद उघडते. आपल्याकडे ही परिषद पुण्यात आहे आणि तिची सूचना जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख या वाटेने शाळेच्या ग्रुपवर येते. सूचनेत अभ्यासक्रमाची लिंक, सामील होण्याची शेवटची तारीख आणि बॅच संपण्याची तारीख असते. या दोन तारखा वेगळ्या असतात. पहिली चुकली तर प्रवेशच मिळत नाही. दुसरी चुकली तर सगळे व्हिडिओ पाहूनही प्रमाणपत्र निघत नाही. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

काय काय जवळ हवे

खुशखबर अशी की काहीच अपलोड करावे लागत नाही. ना पदवीची प्रत, ना नियुक्तिपत्र, ना फोटो. पण काही गोष्टी कागदावर लिहून समोर ठेवल्याशिवाय नोंदणीला बसू नका.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल, ज्यावर ओटीपी येईल आणि जो पुढची काही वर्षे बदलणार नाही. शाळेच्या कार्यालयाचा क्रमांक देऊ नका. कारकुनाची बदली झाली की तुमचे खातेही त्याच्याबरोबर गेले म्हणून समजा. दुसरी, शाळेचा यूडायस कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक. तो 11 अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा 27 ने सुरू होतो: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. एका अंकाच्या चुकीने तुम्ही शेजारच्या शाळेचे शिक्षक होता आणि केंद्रप्रमुखांच्या यादीत तुमच्या नावापुढे रिकामी चौकट दिसत राहते. तिसरी, ज्यांचे वेतन शालार्थ प्रणालीतून निघते त्यांचा शालार्थ क्रमांक. काही प्रशिक्षणांत तो मागितला जातो. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांकडे तो नसेल तर घाबरू नका, यूडायस कोड तुमच्याकडेही आहेच.

आणि चौथी, तुमचे नाव सेवापुस्तकात जसे आहे तसे. हे क्षुल्लक वाटते, पण प्रमाणपत्रावर छापले जाते ते तुमच्या प्रोफाइलमधले नाव. आमच्या एका ताईंनी पतीच्या जीमेलवरून प्रवेश केला, रात्री जागून सगळा अभ्यासक्रम मन लावून पूर्ण केला आणि प्रमाणपत्र निघाले पतीच्या नावाने! पतीचा शाळेशी काही संबंध नव्हता. ताईंना तो अभ्यासक्रम पुढच्या बॅचमध्ये पुन्हा करावा लागला. गुगलने प्रवेश केलात तर नाव गुगल खात्यातून येते आणि तिथे आपण कधीकाळी काय लिहिले होते, ते आपल्यालाच आठवत नसते. म्हणून प्रवेश केल्याबरोबर आधी प्रोफाइल उघडा, नाव सुधारा आणि मगच अभ्यासक्रमाकडे वळा. प्रमाणपत्र निघाल्यानंतर नाव बदलून घेणे जिकिरीचे असते.

नोंदणी

मोबाइलवर दीक्षा ॲप घ्या किंवा संगणकावर दीक्षाचे संकेतस्थळ उघडा. दोन्हीकडे खाते एकच चालते. भाषा मराठी निवडता येते. भूमिका विचारली की शिक्षक निवडा. मुलाच्या अभ्यासासाठी आधी ॲप घेतले असेल तर तिथे विद्यार्थी किंवा पालक अशी भूमिका आधीच असते आणि मग शिक्षकांचे अभ्यासक्रम नीट दिसत नाहीत. ती बदलून घ्या. त्यानंतर राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र आणि शाळा क्रमाने निवडा.

खाते उघडण्याचे तीन मार्ग दिसतात: मोबाइल किंवा ईमेल देऊन, गुगलने, किंवा राज्याच्या प्रणालीतून. कोणताही घ्या, पण एकच घ्या आणि पुढे तोच ठेवा. मोबाइल क्रमांकाने उघडलेले खाते आणि गुगलने उघडलेले खाते ही दीक्षाच्या लेखी दोन वेगळी माणसे. अर्धे व्हिडिओ एका खात्यात आणि अर्धे दुसऱ्यात पाहिले, तर दोन्हीकडे प्रगती अर्धीच दिसते. असे झाले असेल तर प्रोफाइलमध्ये खाती एकत्र करण्याची सोय आहे, ती वापरा. पण अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी वापरा.

आता अभ्यासक्रम शोधा आणि सामील व्हा. इथे एक परवानगी मागितली जाते: तुमची प्रोफाइल माहिती अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना दाखवायची का? विभागीय प्रशिक्षण असेल तर होकार द्या, नाहीतर अहवालात तुमची नोंद दिसणार नाही.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा यावर माझे एक ठाम मत आहे. यादी पाहून हाताला लागेल तो घेऊ नका. पुढच्या महिन्यात वर्गात घ्यायचा एक पाठ डोळ्यांसमोर ठेवा आणि त्याला उपयोगी पडेल तो अभ्यासक्रम निवडा. भूमितीचा पाठ असेल तर जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवरचे प्रशिक्षण, भाषेचा असेल तर ध्वनिमुद्रणाचे किंवा कथाकथनाचे. युनेस्कोने शिक्षकांच्या तंत्रज्ञान क्षमतांचा जो आराखडा केला आहे, त्याच्या 2018 च्या आवृत्तीत तीन पातळ्या आहेत: ज्ञान मिळवणे, ते अधिक खोल करणे आणि नवे निर्माण करणे. पहिल्या पातळीवर असताना तिसरीचा अभ्यासक्रम घेतला तर माणूस दुसऱ्याच व्हिडिओत कंटाळतो. आपण कुठे आहोत हे स्वतःला खरे सांगावे, त्यात कमीपणा नाही.

अभ्यासक्रम, चाचणी आणि प्रमाणपत्र

निष्ठातला एक अभ्यासक्रम साधारण तीन-चार तासांचा असतो. व्हिडिओ, वाचायचा मजकूर, कृती आणि शेवटी बहुपर्यायी चाचणी. प्रत्येक घटक शेवटपर्यंत पाहिला तरच प्रगती मोजली जाते. पीडीएफचे शेवटचे पान उघडले नाही तरी टक्का अडतो. गावात नेटवर्क येत-जात असेल तर साहित्य आधी डाउनलोड करून ऑफलाइन पाहता येते, मात्र नंतर नेटवर्कमध्ये आल्यावर ॲपमध्ये प्रगती सिंक करायला विसरू नका. सगळे पूर्ण करूनही 80 टक्क्यांवर अडकल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचे काम तिथेच होऊन जाते.

निष्ठाच्या अभ्यासक्रमांत अंतिम चाचणीला 70 टक्के गुण लागतात आणि तीनदा प्रयत्न करता येतो. पहिला प्रयत्न सहज म्हणून, प्रश्न कसे आहेत ते पाहायला वाया घालवू नका. कृतींची टिपणे जवळ ठेवा आणि सलग अर्धा तास मोकळा मिळेल तेव्हाच बसा. पास झाल्यावर प्रमाणपत्र लगेच त्याच क्षणी येते असे नाही, काही दिवस लागतात. ते तुमच्या प्रोफाइलमध्ये दिसते, तिथून डाउनलोड करा.

आणि हे मनापासून सांगतो: आपला पासवर्ड देऊन दुसऱ्याकडून अभ्यासक्रम करून घेऊ नका. प्रमाणपत्र तुमच्या नावाने येईल, पण सोमवारी वर्गात टॅब हातात घेतल्यावर मुले तुमच्याकडे पाहणार आहेत.

समोरासमोरचे प्रशिक्षण असेल तर

तालुक्याला किंवा जिल्ह्याला होणाऱ्या तंत्रज्ञान प्रशिक्षणाला आपण स्वतः अर्ज करून जात नाही. शाळेकडून किंवा गटसाधन केंद्राकडून नावे जातात. तुम्हाला खरोखर जायचे असेल तर मुख्याध्यापकांना तसे लेखी कळवा, तोंडी सांगितलेले यादी करताना विसरले जाते. आदेशात नाव आल्यावर मुख्याध्यापकांकडून कार्यमुक्तीचे पत्र घ्या. प्रशिक्षणस्थळी आदेशाची प्रत, ओळखपत्र आणि चार्ज केलेला फोन किंवा लॅपटॉप लागतो. संपल्यावर उपस्थिती प्रमाणपत्र घेतल्याशिवाय निघू नका. शाळेत पुन्हा रुजू होताना आणि प्रवासभत्त्याच्या देयकाला तेच जोडावे लागते. भत्ता मिळणार का, हे आदेशातच लिहिलेले असते, ते आधी वाचा.

दीक्षाबाहेरही दोन वाटा आहेत. एनसीईआरटीची केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था शैक्षणिक साधनांवर छोटी ऑनलाइन प्रशिक्षणे घेते; सत्रे थेट पाहायची, शेवटी प्रश्नमंजूषा सोडवायची. याच संस्थेच्या पीएम ई-विद्या या सरकारी डिजिटल शिक्षण उपक्रमातल्या कामाला युनेस्कोचा 2021 सालचा पुरस्कार मिळाला आहे, त्यामुळे दर्जाबद्दल शंका बाळगण्याचे कारण नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या अभिमुखता कार्यक्रमातल्या आठ विषयांपैकी एक माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान आहे. नोंदणी त्याच्या पोर्टलवर ऑनलाइन होते.

शेवटी नोंद

प्रमाणपत्राची छापील प्रत मुख्याध्यापकांकडे एका साध्या अर्जासह द्या: अभ्यासक्रमाचे नाव, तारीख, तास आणि सेवापुस्तकात नोंद घेण्याची विनंती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि सही घेऊन ती आपल्या फायलीत ठेवा. देण्याआधी प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड एकदा स्वतः स्कॅन करा. स्कॅन केल्यावर दिसणारे नाव आणि कागदावरचे नाव एकच आहे ना, हे तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही.